राखेखालचं शेत : लान्सारोतेची गोष्ट

आच्छादन म्हटलं, म्हणजे ज्याला आपण सर्रास मल्चिंग म्हणतो, की डोळ्यासमोर काय येतं? उसाचं पाचट, भुसा, पालापाचोळा, नाहीतर तो चंदेरी-काळा प्लॅस्टिकचा कागद. आज ज्या आच्छादनाची गोष्ट सांगणार आहे, ते आभाळातून पडलं होतं. आणि ते कुणी मागितलंही नव्हतं.

जागा आहे लान्सारोते. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी बेटं आहेत, त्यातलं हे एक. वर्षाचा पाऊस साधारण १५० मिलिमीटर. आपला माणदेश दुष्काळी, पण तिथेही याच्या दुपटीहून जास्त पडतो. बारमाही नदी नाही, वर सतत वाहणारा व्यापारी वारा. तरी या बेटावर गहू आणि बार्ली पिकायची, शेजारच्या बेटांना धान्य जायचं.

१ सप्टेंबर १७३०च्या रात्री तिमानफाया गावाजवळ जमीन फाटली. यायसा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी जे दिसलं ते लिहून ठेवलं. त्यांची मूळ वही आज हाती नाही, पण जर्मन भूवैज्ञानिक लिओपोल्ड फॉन बुख यांनी पुढे तो मजकूर छापला, म्हणून आपल्याला तो माहीत आहे. उद्रेक थांबत-सुरू होत १७३६पर्यंत चालले. बेटाचा जवळपास चौथा हिस्सा लाव्ह्याखाली गेला, आणि तीच चांगली जमीन होती. अनेक कुटुंबं बेट सोडून गेली.

लाव्हा पडला तिथे विषय संपला. पण त्याच्या पलीकडे लांबवर काळी, खरबरीत, मुरमासारखी राख पसरली होती. मागे राहिलेल्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जिथे थर पातळ होता, तिथे झाडं त्यातून वर येत होती, आणि पूर्वीपेक्षा जोमानं वाढत होती.

असं का? माती वाळते तेव्हा खालचं पाणी मातीच्या बारीक कणांमधल्या फटींतून वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. वर आलं की ऊन-वारा ते घेऊन जातो. राखेचे खडे मोठे, त्यांच्यातल्या पोकळ्याही मोठ्या. तिथे वात तुटते. पाऊस मात्र त्याच पोकळ्यांतून झटकन खाली उतरतो. म्हणजे पाण्याला आत जायला रस्ता आहे, बाहेर यायला नाही. रात्रीचं दवही ही राख धरते असं तिकडे सांगतात, पण मुख्य काम बाष्पीभवन अडवण्याचं.

मग लोकांनी यातून शेती उभी केली. ला हेरिया भागात राखेचा थर खोल होता. तिथे जुनी माती लागेपर्यंत खड्डे खणले, काही ठिकाणी दोन-तीन मीटर. एका खड्ड्यात एखाद-दुसरा द्राक्षवेल, आणि वाऱ्याच्या बाजूला चंद्रकोरीसारखी दगडी भिंत. जिथे राख पडलीच नव्हती, तिथे ती उंटांवरून वाहून आणली आणि शेतात १०-१५ सेंटिमीटरचा थर दिला. त्यावर कांदा, मसूर, कलिंगड निघू लागलं.

सोपं नव्हतं हे. खड्ड्यांत यंत्र जात नाही, सगळं हातानं. एकरी वेलही थोडे. आणि राख काही कायमची नाही. नांगरट, पेरणी करता करता ती मातीत मिसळते, बारीक होते आणि वात पुन्हा जोडली जाते. काही दशकांनी थर काढून नवा द्यावा लागतो.

आपल्याकडेही हे तत्त्व जुनंच आहे. जिराईत शेतकरी कोळपणीला ‘अर्धं पाणी’ म्हणतात. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत केली, भेगा बुजवल्या, की तीच माती खालच्या मातीचं आच्छादन होते.

तुमच्या गच्चीसाठी किंवा परसबागेसाठी यातून काय घ्यायचं? वरचा थर जाडाभरडा हवा. बारीक भुकटी स्वतःच वात बनते. पालापाचोळा कुजून मातीला खाऊ घालतो, पण पुन्हा पुन्हा घालावा लागतो. खडी टिकते, पण खत देत नाही, आणि उन्हात तापते. आधी पाणी द्या, मग झाका. बागेत दोन-तीन इंच पुष्कळ झाले, कुंडीत त्याहून कमी. खोडाला चिकटवू नका, खोड कुजतं.

आणि जाडी विसरू नका. लान्सारोतेत एकाच राखेनं काही शेतं गाडली आणि काही जगवली. फरक थराच्या जाडीचा होता, आणि तो ओळखून खणायला बसलेल्या माणसांचा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या भागात जमीन कशानं झाकतात, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.