व्हर्सायचं स्टूल आणि मठातलं स्वयंपाकघर

एका स्टुलावरून माणसांची झोप उडू शकते का? पाठ नाही, हात नाहीत, साधं बुटकं स्टूल. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये उडायची. चौदाव्या लुईच्या दरबारात राजा-राणीसमोर कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं, हे ठरलेलं असे. हातांची खुर्ची राजा-राणीला. 'तबुरे' नावाचं हे स्टूल डचेसना, म्हणजे सरदारांमधल्या अगदी वरच्या फळीतल्या बायकांना. बाकीच्या उभ्या! त्या स्टुलाचा हक्क मिळावा म्हणून मोठमोठी घराणी खटपटी करत.

रात्री राजा झोपायला निघाला की एका सरदाराला त्याचं मेणबत्तीदान धरायचा मान मिळे. खोलीत उजेड भरपूर असायचा, मेणबत्तीची गरज काहीच नव्हती. पण 'आज कुणाला मिळालं?' ही दुसऱ्या दिवशी दरबारातली बातमी असे. १६८२ मध्ये लुईने दरबार कायमचा व्हर्सायला हलवला आणि देशातले बडे सरदार एका छपराखाली आणून एकमेकांकडे बघत बसवले. आपल्या भाषेत सांगायचं तर पगार न वाढवता लोकांना कामाला लावणारी इतकी स्वस्त सिस्टिम दुसरी नसेल :)

गंमत म्हणजे राजा स्वतःही यातून सुटला नव्हता. १७ ऑगस्ट १६६१ ला त्याचा अर्थमंत्री निकोला फुके याने व्हो-ल-व्हिकोंत इथल्या आपल्या नव्याकोऱ्या महालात राजाला मेजवानी दिली. कारंजी, आतषबाजी, मोलिएरचं नवंकोरं नाटक. राजाकडेही नाही असं वैभव मंत्र्याकडे! तीनच आठवड्यांत, ५ सप्टेंबरला, फुकेला अटक झाली. अटकेचा बेत आधीच शिजला होता आणि पैशांच्या अफरातफरीचे आरोपही होते, पण त्या रात्रीने राजाचा राग नक्कीच कमी झाला नाही. फुके १६८० मध्ये कैदेतच वारला. राजाने पुढे काय केलं? फुकेचाच वास्तुकार, फुकेचाच चित्रकार आणि फुकेचाच बागरचनाकार घेऊन व्हर्साय उभारलं. त्याच्या बागेतली संत्र्याची झाडंसुद्धा उचलून आणली.

आता याच काळात, व्हर्सायपासून जेमतेम वीस किलोमीटरवर, पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावर कार्मेलाइट साधूंचा एक मठ होता. तिथल्या स्वयंपाकघरात एक लंगडा माणूस भांडी घासत होता. मूळ नाव निकोला हेर्मां, मठातलं नाव ब्रदर लॉरेन्स. जन्म १६१४ च्या सुमाराचा. म्हणजे १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला तेव्हा हा साठीच्या घरात होता.

याचा 'सीव्ही' बघा. शिक्षण जवळपास नाही. तरुणपणी तीस वर्षांच्या युद्धात शिपाई, तिथे जखमी. मग एका बड्या माणसाकडे नोकर. तिथे धांदरटपणामुळे हातातलं सगळं फोडायचा, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. १६४० मध्ये मठात आला तोही 'ले ब्रदर' म्हणून. म्हणजे पुढे पाद्री होणार नाही, प्रवचन देणार नाही, कष्टाची कामं करणार. ऑर्ग चार्टची शेवटची ओळ. त्यात काम मिळालं स्वयंपाकघराचं, ज्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. पंधरा वर्षं तिथे काढली. पुढे साधूंच्या चपला दुरुस्त करायचं काम आलं.

आणि हा माणूस समाधानी होता. इतका, की १६६६ पासून जोसेफ द बोफोर नावाचा पाद्री त्याला भेटून प्रश्न विचारू लागला आणि उत्तरं टिपून ठेवू लागला. पुढे आर्चबिशप झालेला, राजाच्या नातवाचा शिक्षक फेनेलों हासुद्धा त्याला भेटून गेला. १६९१ मध्ये लॉरेन्स वारल्यावर बोफोरने त्या टिपणांचं आणि पत्रांचं पुस्तक केलं. ते आजही जगभर वाचलं जातं.

त्याची पद्धत एका ओळीत सांगता येते. जे काम हातात आहे ते देव समोर आहे असं समजून, त्याच्या प्रेमासाठी करायचं. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही त्याच्यासाठीच. लक्ष उडालं तर चडफडत न बसता परत आणायचं. बस्स.

मला यातला मुद्दा असा दिसतो. व्हर्सायमध्ये प्रत्येक जण कुणाच्या तरी नजरेसाठी जगत होता. स्टुलाला किंमत होती, कारण बाजूची उभी होती. सगळ्यांना स्टूल दिलं असतं तर ते नुसतं फर्निचर झालं असतं! लॉरेन्सने बघणारा बदलला. देवाच्या नजरेसमोर काम करताना बाजूला कोण बसलंय हा प्रश्नच उरला नाही.

बायबलमध्ये मत्तयाच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. सकाळपासून राबलेले मजूर ठरलेल्या एका दिनारावर खूश होते. संध्याकाळी पाचला आलेल्यांनाही तेवढाच मिळालेला बघितला आणि कुरकुर सुरू झाली. त्यांचा दिनार तोच होता, फक्त बाजूच्याचा पगार कळला होता. अप्रेझलच्या दिवशी कॅन्टीनमध्ये हेच चालतं की नाही सांगा. सकाळी मिळालेली चांगली वाढ दुपारपर्यंत आंबट होते. उरलेलं काम बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे नव्या फ्लॅटचे फोटो करतात.

तुम्ही म्हणाल, लॉरेन्सला काय, ना बायको ना ईएमआय. खरंय. शिवाय 'समाधानी राहा' हे वाक्य वरच्यांनी खालच्यांना गप्प बसवायलाही भरपूर वापरलंय. म्हणून स्पष्ट सांगतो, हक्काचा पगार मागणं आणि बाजूच्याच्या पगाराने स्वतःची किंमत ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जरूर करावी. दुसरीला अंत नाही, ती खुद्द राजालाही पुरली नाही.

आणि हे समाधान स्वभावातच असावं लागतं असंही नाही. संत पौलाने कैदेतून फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हा शब्द मला फार धीर देतो. लॉरेन्सनेही एका पत्रात मान्य केलंय की पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली. दहा वर्षं! आपण दोन आठवड्यांत ध्यानाचं अॅप डिलीट करतो.

मी अजून या कोर्सच्या पहिल्याच धड्यावर आहे. कोड लिहिताना, बिल्ड चालू असताना, मधूनच आठवण करून बघतो की हे कुणासमोर चाललंय. दिवसातून दोनदा जमतं, कधी एकदाही नाही. पण जेव्हा जमतं तेव्हा बाजूच्या क्युबिकलमध्ये कोण ऑनसाइट चाललंय हे खरंच पाच-दहा मिनिटं डोक्यात येत नाही. करून बघा, आणि जमलं तर मलाही सांगा.