चौदावी दुरुस्ती, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि आपली मुले



साकोली, लाखनी, लाखांदूर या धानपट्ट्यातली आपली कॉलेजातली मुले आज अमेरिकेच्या राजकारणावर ठामपणे बोलतात. ट्रम्पने कोणता आदेश काढला, हार्वर्डमध्ये काय झाले, हे त्यांना मोबाइलवर त्याच दिवशी कळते. मुलांनी जगाबद्दल मत बनवावे याचा आम्हाला आनंदच आहे. पण अलीकडे एक मत वारंवार कानावर येते आणि ते आपल्याच वस्तीतल्या पोरांच्या तोंडून येते तेव्हा जास्त टोचते. मत असे: "अमेरिकेनेसुद्धा आरक्षण बंद केले. जगात आता मेरिटच चालते. आपण किती दिवस धरून बसणार?" काही मुले याच्या उलट बोलतात: "काळ्या-गोऱ्यांचे भांडण तिकडचे, आपल्याला त्याचे काय?"

दोन्ही मतांना आमचे उत्तर एकच आहे. इतिहास वाचा. वयाच्या बाविसाव्या वर्षी आपलाही एक विद्यार्थी अमेरिकेत गेला होता. त्यानेही त्या देशाबद्दल स्वतःची मते बनवली होती. त्या मतांवर आज आपले हक्क उभे आहेत.

आधी वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेत आपल्यासारखे राखीव जागांचे आरक्षण आज नव्हतेच. कॉलेज प्रवेशात ठरावीक जागा राखून ठेवणे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच बेकायदा ठरवले. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून विचारात घ्यायची मुभा तेवढी उरली होती. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात तीही गेली. हा निकाल कशाच्या आधारे दिला गेला? अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे. गुलामीतून सुटलेल्या माणसांना संरक्षण मिळावे म्हणून १८६८ मध्ये जी दुरुस्ती मंजूर झाली, तिच्यातल्याच 'कायद्याचे समान संरक्षण' या शब्दांनी त्यांच्या नातवंड-पणतवंडांची सवलत काढून घेतली गेली. शस्त्र तेच राहिले, धरणारा हात बदलला. हे कसे घडते ते समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

१८६१ ते १८६५ या यादवी युद्धानंतर अमेरिकेत तीन घटनादुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने गुलामी संपली, चौदावीने नागरिकत्व आणि समान संरक्षण दिले, पंधरावीने मताचा अधिकार दिला. १८७० मध्ये मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीय आमदार, शेरीफ, शाळा-मंडळांचे सभासद निवडून येऊ लागले.

इकडे पुण्यात तात्यासाहेब जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. सातासमुद्रापलीकडच्या मुक्तीचे नाते शूद्र-अतिशूद्रांच्या मुक्तीशी जोडणारी नजर आपल्या परंपरेत तेव्हापासून आहे. मात्र त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी शस्त्रसज्ज गोऱ्या टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. काही आरोपींना शिक्षा झाली, पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण काय दिले? चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसांना नाही! १८७५ मध्ये हॉटेल, नाटकगृह, प्रवासाची वाहने यांत भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला होता. १८८३ मध्ये तोही याच तर्काने मोडीत काढला. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी असलेले सैन्य काढून घेतले. १८९६ मध्ये 'वेगळे पण समान' या नावाखाली वेगळे डबे, वेगळ्या शाळा कायदेशीर झाल्या.

आणि मताधिकार? पंधरावी दुरुस्ती कोणी रद्द केली नाही. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. मतदानासाठी कर भरा, घटनेचे कलम वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा, अशा अटी घातल्या. त्या अटींत 'काळा' हा शब्द कुठेही नव्हता. कागदावर अट सगळ्यांना सारखी होती, परीक्षा घेणारा कारकून मात्र गोरा होता. मेरिटची भाषा करणाऱ्या आमच्या मुलांनी हे प्रकरण जरूर वाचावे. परिणाम असा झाला की १९०१ पासून १९२९ पर्यंत अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता.

नेमक्या या काळात, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला पोहोचले. वुड्रो विल्सन त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि त्यांच्या कारकिर्दीत केंद्रीय कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवणे सुरू झाले होते. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम. त्या विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते. काळ्यांना मताधिकार दिला हीच चूक झाली, असा इतिहास त्यांच्या परंपरेतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. त्याच विद्यापीठात जॉन ड्यूई लोकशाही ही जगण्याची पद्धत आहे असे शिकवत होते. अर्थशास्त्राला सेलिग्मन होते. त्या सुमारास लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये राहून स्वराज्याची चळवळ चालवत होते. तिच्यात ओढण्याचा प्रयत्न झाला, पण बाबासाहेबांनी अभ्यास सोडला नाही.

चरित्रकार धनंजय कीर सांगतात की अमेरिकेतल्या दोन गोष्टींचा बाबासाहेबांच्या मनावर ठसा उमटला: एक चौदावी दुरुस्ती, दुसरी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे जीवन. पण हा विद्यार्थी भारावून जाणाऱ्यांतला नव्हता. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीचे मूळ रंगात आहे असे युरोपीय अभ्यासक मानत. पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी त्यांना सरळ सुनावले की रंगाचा पूर्वग्रह तुमच्याच मनात भरला आहे, म्हणून तुम्हाला जातीतही रंगच दिसतो. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याने, हे त्यांनी मांडले. वर्णद्वेषाने पछाडलेल्या देशात बसून जात म्हणजे वंश नव्हे असे सांगायला स्वतंत्र बुद्धी लागते. साम्य असेल तिथे साम्य पाहायचे आणि फरक असेल तिथे फरक सांगायचा, ही त्यांची रीत होती.

त्या अभ्यासाचे फळ पुढे तीस वर्षांनी दिसले. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी यादवी युद्धाचा दाखला दिला. निग्रो युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले, जिंकल्यावर त्यांना त्यांच्या जुन्या मालकांच्या हवाली केले गेले. अस्पृश्यांनी निग्रोंची ही गत विसरू नये, असे त्यांनी बजावले. स्वराज्य येण्याआधी आमच्या संरक्षणाची लेखी हमी द्या, हा त्यांचा हट्ट इथून आलेला आहे. ज्यांनी त्याला इंग्रजधार्जिणेपणा म्हटले, त्यांनी अमेरिकेचा इतिहास वाचला नव्हता. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का, हा विचार त्यामागे होता. ड्यू बॉइस यांनी जुलै १९४६ च्या अखेरीस उत्तर दिले.

१९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात बाबासाहेबांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांतली कलमे घेतली आणि कुठून घेतली हेही सांगितले. लक्षात घ्या, १८७५ चा तोच कायदा, जो तिथल्या न्यायालयाने मारला होता. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, हेही त्याच मसुद्यात होते. पुढे आपल्या राज्यघटनेत कलम १४ मध्ये 'कायद्याचे समान संरक्षण' आले, पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. कलम १५(२) ने दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, घाट, रस्ता इथे नागरिकाला अडवण्यास मनाई केली. अडवणारा सरकारी अधिकारी असो की गावचा पाटील. कलम १७ ने अस्पृश्यता कोणीही पाळली तरी ती बंद केली. अमेरिकी न्यायालयाने 'खासगी माणसांना लागू नाही' म्हणून जे भगदाड पाडले होते, ते आपल्या घटनेत बुजवलेले आहे. आमच्या मते कोलंबियातल्या त्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाची ही सर्वांत मोठी कमाई.

समानतेचे कलम दुबळ्याच्याच विरुद्ध वापरण्याचा प्रयोग आपल्याकडे हार्वर्डच्या बहात्तर वर्षे आधी झाला. एप्रिल १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातली जातवार प्रवेशाची पद्धत रद्द केली. त्यावर संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) घातले, तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते. अमेरिकेने बंद केले म्हणून इथेही बंद होईल असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपले आरक्षण न्यायाधीशाने दिलेली मुभा नाही, ते घटनेच्या मजकुरात लिहिलेले आहे.

मग लिहून ठेवले म्हणजे झाले का? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने दोनदा दिले आहे.

पहिले उत्तर मे १९५४ चे. तेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता, गोंदियाही याच जिल्ह्यात होते. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले. दोन जागांचा मतदारसंघ, प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर घटनेचे शिल्पकार आठ हजारांहून अधिक मतांनी हरले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. जागा अस्पृश्यांची, पण निवड करणार इतर सगळे, हा पुणे कराराचा हिशेब इथल्या मतपेट्यांत उघड झाला. योगायोग पाहा, त्याच महिन्यात, १७ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवला. चौदाव्या दुरुस्तीला शाळेच्या दारापर्यंत पोहोचायला शहाऐंशी वर्षे लागली. त्यानंतरही रस्त्यावरचा लढा द्यावा लागला, तेव्हा कुठे १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा झाला.

दुसरे उत्तर २९ सप्टेंबर २००६ चे. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची गावाने हत्या केली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेत बदलली. शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. जातीय अत्याचार म्हणून न्यायालयाने त्याकडे पाहिले नाही. कोलफॅक्स आणि खैरलांजी यांच्यात एकशे तेहतीस वर्षे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. पण कायदा पुस्तकात असताना गुन्ह्याचे खरे नाव न घेण्याची रीत दोन्हीकडे सारखीच. काळ्या-गोऱ्यांचे भांडण आपल्याला काय, असे विचारणाऱ्या पोरांनी याचे उत्तर द्यावे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मेरिटवाल्यांबद्दलही दोन शब्द. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात दावा केला की मी उच्च जातीचा आर्य, म्हणून गोरा, म्हणून मला नागरिकत्व द्या. न्यायालयाने तो फेटाळला. भारतीयांसाठी अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्याने तयार केलेल्या वातावरणात झाला. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी जन्माने मिळणारे नागरिकत्व मर्यादित करणारा आदेश काढला, तेव्हा नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या भारतीय कुटुंबांची झोप उडाली. त्यांच्या बाळांसाठी न्यायालयात कोणती ढाल पुढे केली गेली? चौदावी दुरुस्ती! गुलामांच्या लेकरांसाठी लिहिलेले वाक्य. आणि याच समाजातल्या काही संघटनांनी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जातिभेदविरोधी विधेयकाला कडाडून विरोध केला. विधिमंडळाने मंजूर केलेले ते विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये परत पाठवले. सिएटल शहराने मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत जातिभेदावर बंदी घातली होती.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अमेरिकेवर जरूर मत मांडा. पण बातमी वाचल्यावर तीन प्रश्न विचारा. कायद्यात नेमके काय लिहिले आहे? तो राबवणारे हात कोणाचे आहेत? ज्यांच्यासाठी तो केला, ते त्या हातांत किती आहेत? आणि हेच तीन प्रश्न साकोलीत येऊन विचारा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. मागच्या वर्षीच्या बैठकांची इतिवृत्ते माहितीच्या अधिकारात मागवा. किती गुन्हे नोंदले, किती टिकले, किती जणांना नुकसानभरपाई मिळाली, ते विहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. अर्ज लिहायला आम्ही बसू. शुल्क दहा रुपये आहे.

जय भीम!