मोटारीच्या मेणाचे कुळ

मोटारगाडीला चोळण्याचे मेण, ज्याला दुकानात ‘वॅक्स पॉलिश’ म्हणतात, ते अमेरिकेत जन्मले आणि मोटारीच्या पाठोपाठ इकडे आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि डबीपुरती ती खरीही आहे. परंतु त्या डबीतल्या द्रव्याने जे मूळ काम करायचे असते, म्हणजे पावसाचे पाणी पृष्ठभागावर ठरू द्यायचे नाही, त्या कामाची मराठीतली नोंद मोटारीच्या जन्मापेक्षा सुमारे सहाशे वर्षांनी जुनी असून ती वऱ्हाडातच झालेली आहे. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावात अंगणात उभ्या असलेल्या गाडीसाठी मेण निवडताना ही नोंद दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे आहे.

ती नोंद म्हणजे काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे, ही प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली गोष्ट होय. ती केवळ आजीच्या तोंडची नाही. महानुभाव पंथाचे म्हाइंभट यांनी इ. स. १२७८ च्या सुमारास, आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, श्रीचक्रधरांच्या आठवणींचे जे संकलन सिद्ध केले आणि जे मराठीतील आद्य गद्य मानले जाते, त्या ‘लीळाचरित्रा’त ती आलेली आहे. तेथे चिमणीच्या जागी साळई ही पक्षीण आहे, जिला सामान्यतः साळुंकी समजतात. पण शेण, मेण, पाऊस आणि बंद दार ही चारही अंगे जशीच्या तशी आहेत. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते, साळईचे टिकते, आणि भिजलेला कावळा तिच्या दाराशी येऊन उभा राहतो.

यावर एक आक्षेप सहज घेता येतो आणि तो दुबळा नाही. ‘शेण’ आणि ‘मेण’ यांचे यमक जुळते, म्हणून कथेत मेण आले. त्यामागे द्रव्यज्ञान शोधणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय, असे कोणी म्हणेल. यमकाने जोडी ठरविली हे मान्य केले, तरी कथेचा सगळा डोलारा पावसावर उभा आहे, यमकावर नाही. मेण पाणी धरत नाही हे श्रोत्याला आधीच ठाऊक नसते, तर साळईचे घर का टिकले हे वेगळे सांगावे लागले असते, आणि कथा ते कोठेही सांगत नाही. हे ज्ञान घरोघर असण्याचे कारणही उघड आहे: चांभार चामडे शिवण्यापूर्वी दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढतो, त्यामुळे दोरा सुळकन सरकतो आणि टाक्याच्या छिद्रातून पाणी आत शिरत नाही, आणि कापडाला मेण पाजले की त्याचे मेणकापड होते. मधमाशीचे मेण हे लांब साखळीची मेदाम्ले व तशाच लांब साखळीची अल्कोहोले यांच्या संयुगांचे मिश्रण असल्यामुळे पाण्याचे रेणू त्याला चिकटण्यापेक्षा एकमेकांनाच धरून राहतात, थेंब गोल होतो आणि उतार मिळताच घरंगळतो. मेण लावलेल्या बॉनेटवर पहिल्या सरीनंतर जे टपोरे मणी दिसतात ते हेच.

‘मेण’ हा शब्दही याच मातीत मुरलेला आहे. हिंदीने फारसीतून ‘मोम’ घेतला. मराठीने मात्र संस्कृत ‘मदन’ हा मेणवाचक शब्द प्राकृत ‘मयण’ या रूपातून चालवीत आणला. मधला ‘द’ गळून उरलेल्या दोन स्वरांचा ‘ए’ होणे ही मराठीची जुनी खोड असून ‘कदली’चे ‘केळ’ त्याच वाटेने झाले. कन्नडात ‘मेण’ आणि तेलुगूत ‘मैनमु’ असल्याने हा शब्द मुळात द्राविडी असावा, असा प्रतिपक्ष संभवतो. पण तेलुगू रूपातला ‘ऐ’ प्राकृत ‘मयण’च्या इतका जवळ आहे की उसनवारी उत्तरेकडून दक्षिणेकडे झाली असेच मानणे सयुक्तिक ठरते. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मधाचे उष्टे, असेही नाव आहे, आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मेणाचा साचा वितळवून धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिलेली आहे.

खरा वाद ‘मेणा’ या शब्दाचा आहे. मेणा म्हणजे चारी बाजूंनी बंद, दारे असलेली पालखी. तिच्यातून मुख्यतः घरंदाज स्त्रिया जात. वरून मेणकापडाचे आच्छादन घातले की पाऊस आत येत नाही, म्हणून ‘मेणा’, ही व्युत्पत्ती इतकी मोहक आहे की ती खरी असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. कारण मग मराठीत एका वाहनाचे नावच मेणावरून पडले असे होते आणि मोटारीच्या मेणाला थेट पूर्वज मिळतो. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की हा शब्द फारसी ‘मियाना’, म्हणजे मधल्या आकाराचा, यावरून आला आहे. पालखीचा एक प्रकार म्हणून ‘मियाना’ हिंदुस्थानात इतरत्रही प्रचलित होता, आणि त्याच कुळातील ‘म्यान’ व ‘दरम्यान’ हे शब्द मराठीत आजही आहेत.

मेणकापडाच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो. फारसी ‘न’ मराठीत बहुधा ‘न’च राहतो: मैदान, दुकान, जमीन, खजिना, आणि स्वतः ‘म्यान’. मग ‘मियाना’तल्या ‘न’चा ‘ण’ का व्हावा? मेणामुळेच, असे उत्तर देण्याचा मोह होतो. परंतु फारसीत ‘-आना’ने संपणारे काही शब्द वेगळे काढून पाहिले की हा मुद्दा टिकत नाही. नजराना मराठीत नजराणा झाला, बहाना बहाणा झाला, तराना तराणा झाला. म्हणजे या विशिष्ट शेवटात ‘न’चा ‘ण’ होणे मराठीला अपरिचित नाही, आणि ‘मियाना’चा ‘मेणा’ होण्यासाठी मेणाची गरज उरत नाही. निकाल प्रतिपक्षाकडे जातो. तरीही एवढे सांगितले पाहिजे की एकदा ‘मेणा’ हे रूप सिद्ध झाल्यावर, मेणकापड पांघरलेल्या बंद वाहनाकडे पाहणाऱ्या मराठी माणसाला त्या नावात मेण ऐकू आले नसेल हे संभवत नाही. व्युत्पत्ती फारसी असली तरी शब्दाला मराठी कान मिळाला, आणि लोकव्युत्पत्ती अशाच कानांत जन्म घेतात.

पुढचे टप्पे सर्वश्रुत आहेत. पाश्चात्त्य घरांत लाकडी जमिनीला व सामानाला मेण चोळण्याची रीत जुनी होती. सॅम्युएल जॉन्सन यांनी अमेरिकेतील रासीन येथे १८८६ मध्ये लाकडी फरशीचा धंदा घेतला आणि गिऱ्हाइके फरशीची निगा कशी राखावी हे विचारू लागल्यावर मेणाची डबी काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या ‘सिमोनाइझ’सारख्या उत्पादनांनी तेच तंत्र मोटारीवर आणले. चकाकीचा हव्यास या फरशीच्या व टेबलाच्या घराण्यातून आला. मोटारीवरील रंगाला ‘लॅकर’ म्हणू लागले, तो शब्द मात्र इकडचाच: संस्कृत ‘लाक्षा’, आपली लाख, पोर्तुगिजांकरवी युरोपात गेली आणि १९२०च्या दशकात अशा रंगाचे नाव होऊन बसली ज्यात लाखेचा कणही नव्हता.

मेणाच्या घराण्यात खरी भर पडली ती ब्राझीलच्या कार्नौबाची. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशातील हे ताडाच्या जातीचे झाड उन्हात पानातले पाणी उडू नये म्हणून पानावर मेणाचा थर आणते. पाने कापून वाळवितात, झोडपतात आणि सुटलेली भुकटी वितळवून गाळतात. कोवळ्या, न उघडलेल्या पानांचे मेण पिवळे व सर्वांत महाग, जुन्या पानांचे तपकिरी. जॉन्सन यांचे नातू १९३५ मध्ये या झाडाच्या शोधार्थ विमानाने ब्राझीलला गेले होते. कार्नौबाचे महत्त्व साळईच्या कथेत न सांगितलेल्या एका अडचणीत आहे: मेणाचे घर पावसात टिकते, पण वऱ्हाडच्या वैशाखात काय होईल? मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. भर उन्हात उभ्या केलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ६०–७० अंशांच्या घरात सहज जातो. कार्नौबा ८२ ते ८६ अंशांपर्यंत घट्ट राहतो. मात्र तो इतका कडक व ठिसूळ असतो की एकटा पसरतच नाही, म्हणून द्रावक, तेले आणि बहुधा मधमाशीचेच मेण मिसळून त्याला मऊ करावे लागते. त्यामुळे डबीवरचे ‘शंभर टक्के कार्नौबा’ हे शब्द सगळ्या लेपाविषयी खरे असू शकत नाहीत, फार तर त्यातील मेणाच्या प्रकाराविषयी असतात.

मेण चढविण्यापूर्वी गाडी धुवावी लागते, आणि येथे रिठद हे नावच रिठ्याची आठवण करून देते. गावाचे नाव रिठ्याच्या झाडावरून, म्हणजे संस्कृत ‘अरिष्टका’वरून, पडले असावे असा एक तर्क करता येतो, दुसरा तर्क असा की विदर्भात उजाड झालेल्या गावठाणाला ‘रीठ’ म्हणतात, आणि अशा जागी पुन्हा वसलेल्या गावाला ते नाव चिकटणे स्वाभाविक आहे. दुसरा तर्क अधिक वजनदार आहे, जरी शेवटचा ‘द’ दोघांनाही नडतो. रिठ्याचा फेस सौम्य असतो हे मात्र निर्विवाद. उलट कपड्याच्या सोड्याने गाडी धुतली तर घाणीबरोबर आधीचे मेणही निघून जाते.

निवडीचा प्रश्न आता सोपा होतो, कारण रिठदची गाडी दिवाणखान्यातले टेबल नाही. काळ्या मातीची धूळ, मे महिन्याचे ऊन आणि मृगापासूनचा पाऊस या तिघांशी तिला झुंजायचे असते, म्हणून चकाकीपेक्षा पाणी न धरणे आणि उन्हात न पाघळणे या दोन गुणांनी मेण पारखावे. ‘क्लीनर वॅक्स’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत बहुधा बारीक घासणारी भुकटी असते. जुन्या, फिकट रंगावर ती एखाद्या वेळी उपयोगी पडते, पण नव्या गाडीवरचा पारदर्शक वरचा थर ती दर वेळी थोडा झिजविते. फवारणीचे मेण झटपट लागते आणि झटपट जाते. न्यायाने सांगायचे तर कृत्रिम पॉलिमरचे ‘सीलंट’ कार्नौबापेक्षा अधिक काळ टिकते आणि दिवसभर उघड्यावर असणाऱ्या गाडीला तेच योग्य. पण गाडी पडवीत किंवा लिंबाखाली उभी राहत असेल तर कार्नौबाचा घट्ट लेप पुरेसा आहे आणि तो घरच्या घरी लावताना चूक झाली तरी सहज पुसता येतो. धुऊन कोरड्या केलेल्या, हाताला गार लागणाऱ्या पत्र्यावर, सावलीत, एका वेळी एकच भाग घेऊन पातळ थर द्यावा आणि तो धुरकट दिसू लागताच मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसावा. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर तो लागू देऊ नये, कारण तेथे पांढरे डाग बसतात. कार्नौबाचा थर साधारण दोन-तीन महिने काम देतो, तेव्हा एकदा मृगाच्या आधी आणि एकदा पोळ्याच्या सुमारास मेण लावावे, आणि मधल्या काळात बॉनेटवर पाण्याचे मणी न होता ते पसरू लागले तर पोळ्याची वाट न पाहता पुन्हा लावावे.