झुकझुक गाडी: छोटी, पण सोपी नाही

शेलू म्हणजे मध्य रेल्वेवर नेरळच्या एक स्टेशन अलीकडे. मी इथे राहतो म्हटलं की ऑफिसातलं कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे ती माथेरानची टॉय ट्रेन तुझ्या घरामागेच की रे?" घरामागे नाही, पण शेजारच्या स्टेशनातून सुटते खरी. मला मात्र त्या 'टॉय' शब्दाचं कुतूहल आहे. गाडी लहान केली की ती खेळणं होते, असं आपण धरून चालतो. खरं तर आगगाडी लहान करणं हे भलतंच अवघड काम आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये मुलांसाठी पितळेची छोटी वाफेची इंजिनं मिळायची. स्पिरिटचा दिवा पेटवायचा, पाणी उकळलं की इंजिन जमिनीवरून पळत सुटायचं. रूळ-बिळ काही नाही. चालताना पाणी गळायचं म्हणून त्यांना 'ठिबकणारी' अशा अर्थाचं टोपणनाव पडलं. दिवाणखान्यातला गालिचा ओला व्हायचा, आणि इंजिन कलंडलं तर पेटायचाही :)

गळतीपेक्षा मोठी अडचण गणिताची आहे. समजा, खरं इंजिन 87 पट लहान केलं. बॉयलरचा पृष्ठभाग 87 गुणिले 87, म्हणजे 7,569 पटींनी घटतो. पण आतली जागा 6,58,503 पटींनी घटते. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे उष्णता निसटायला 87 पट जास्त जागा! कपातला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तेच हे. म्हणून टेबलावरच्या गाड्या आधी चावीवर आणि मग विजेवर गेल्या. खरी वाफ टिकली ती मुख्यतः अंगणातल्या मोठ्या मॉडेलांमध्ये. पाच इंची, म्हणजे 127 मिलिमीटर रुळांवरचं कोळशाचं इंजिन माणसांना बसवून परसात फेऱ्या मारतं. हौशी मंडळी रविवारची सकाळ आग पेटवण्यात आणि दुपार राख काढण्यात घालवतात.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. 1891 मध्ये जर्मनीच्या मॅर्कलिन कंपनीने लायपझिगच्या जत्रेत चावीच्या गाडीबरोबर रुळांचा संचही मांडला आणि रुळांमधल्या अंतरांना क्रमांक दिले. एक क्रमांक म्हणजे 45 मिलिमीटर. पुढे 'झिरो' आलं, 32 मिलिमीटर. त्याच्या निम्मं म्हणून 'एचओ', 16.5 मिलिमीटर. हा चक्क इंटरफेस झाला! 1920 मध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी गाड्या काढल्या, त्या झिरो मापातच. 1968 मध्ये जर्मनीच्या लेमान कंपनीने बागेत मांडायची एलजीबी गाडी आणली, तिचे रूळ पुन्हा त्याच 45 मिलिमीटरचे. जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांना शंभर वर्षांची गाडी आजही पळवता येते, ती या करारामुळे. तीन वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट ज्यांना बिल्ड होत नाही, त्यांनी इथे दोन मिनिटं शांत उभं राहावं.

आता येऊ या नेरळला. माथेरानची लाईन हीसुद्धा सुरुवातीला एका घराचीच होती. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा, बांधकाम त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचं, खर्च 16 लाख रुपये. 22 मार्च 1907 ला गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, चढ काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट.

इथली अडचण टेबलावरच्या गाडीच्या उलट. डोंगरावर इतकी तीव्र वळणं घ्यायची तर इंजिन आखूड हवं, आणि चढ ओढायचा तर वजनदार हवं. उत्तर जर्मनीतून आलं. ओरेनस्टाइन अँड कोपेलच्या चार इंजिनांना तीन-तीन आस होते. पुढचा आणि मागचा आस पोकळ, त्यांच्या आत दुसरा भरीव दांडा. त्यामुळे ती चाकं वळणावर थोडी तिरकी होऊ शकत आणि तरी सहाच्या सहा चाकांना जोर मिळे. या रचनेला क्लीन-लिंडनर म्हणतात. सांगा आता, हे खेळणं का?

1980च्या दशकाच्या सुरुवातीला इथली वाफ संपली आणि डिझेल उरलं. चारपैकी एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात गेलं. 740 क्रमांकाचं थेट ब्रिटनमधल्या लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर पोचलं. तिथले रूळही दोन फुटांचेच! माप जुळत होतं, म्हणून आपल्या डोंगरातलं इंजिन परक्या गावातही रुळावर उभं राहू शकलं.

पण नुसतं माप पुरत नाही. जुलै 2005 च्या पुराने ही लाईन उखडली, ती 2007 मध्ये सुरू झाली. 2016 मध्ये गाडी घसरल्यावर पुन्हा बंद. 2019 च्या पावसाने रूळ वाहून गेले, नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर 2022 उजाडलं. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरान अजून संभाव्य यादीतच. प्रत्येक वेळी कोणीतरी उतारावर उभं राहून रूळ परत बसवले, म्हणून गाडी आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी हेच काम लहान मापात केलं. आयुष्यभर जमवलेल्या छोट्या गाड्या आणि त्यांच्यासाठी उभारलेलं अख्खं गाव 1 एप्रिल 1998 ला लोकांसाठी खुलं झालं. तिथे जाल तेव्हा गाड्या तर बघाच, पण टेबलाखालच्या वायरिंगबद्दलही विचारा. पीरभॉय पितापुत्र काय आणि जोशी काय, दोघांनीही हौसेला हिशेबाची आणि चिकाटीची जोड दिली. पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो: हे चालवायला शिकणारं पुढचं माणूस कोण?

तेव्हा पुढच्या वेळी नेरळला गाडीत बसलात, तर सेल्फीआधी खाली वाकून चाकांकडे एकदा बघा. आणि कोणी 'टॉय' म्हणालं, तर त्याला कपातल्या चहाचं गणित घाला.