भाकरीचा तुकडा आपल्या हाताने

मंडळी, तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल. डोळ्यांत हुशारी, पण पाटीवर पेन्सिल टेकली की हात भलतीकडे जातो. सदऱ्याची गुंडी लागत नाही, भाकरी मोडून द्यायला आई लागते. अशा मुलांसाठी 'व्यवसायोपचार' नावाची विद्या आहे. नावावरून वाटेल, मुलाला सुतारकाम शिकवून पोटाला लावायचे. तसे नव्हे. मुलाचा व्यवसाय कोणता? जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे. ते जमू लागावे म्हणून हा उपचार.

पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांच्या निमित्ताने ही विद्या पाश्चात्त्य देशांत वाढली. आपल्याकडे तिचा पाया घातला कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नाने मराठी घरच्या झाल्या. हे शास्त्र त्या अमेरिकेत शिकल्या आणि १९५० साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची भारतातली पहिली शाळा त्यांनी काढली. १९५२ साली दहा देशांच्या संघटनांनी मिळून जागतिक महासंघ स्थापला, त्यात भारत होता.

आपण तेव्हा कुठे होतो? नांदेड हैदराबाद राज्यात, आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव! परळ म्हणजे सातासमुद्रापलीकडे. आज लातूरजवळ हरंगुळला मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी 'संवेदना' केंद्र आहे. तरी किनवटकडच्या वाडीवरून शहर गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तज्ज्ञाने एकदा दाखवलेले रोज करून घ्यायचे ते आईने आणि गुरुजींनीच.

त्याला यंत्र लागत नाही. ताटाखाली ओले फडके घाला, ताट सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळा, जाड दांडा मुठीत धरवतो. लिहिताना पाय लोंबकळत असतील तर खाली वीट ठेवा. धड स्थिर नसेल तर बोटे तरी कशी स्थिर राहणार?

आमच्या घरांत माया फार, आणि खरे सांगू, तीच आडवी येते. आई सगळेच करून टाकते. तिने एवढेच करावे: सदरा अंगात घालावा, गुंडी काजात अर्धी सरकवावी आणि हात काढून घ्यावा. उरलेली अर्धी मुलाने ओढायची. ते जमले की पुढच्या खेपेला गुंडी काजाच्या तोंडाशीच सोडायची. महिना लागेल, दोन लागतील. तोवर शाळेला उशीर झाला, तर गुरुजी, रागावू नका.