चिठ्ठीत नाव निघालं

स्मरणिकेच्या मंडळींनी मला विषयच नेमून दिला: परदेशात शिकून तिथेच नोकरीला कशी लागलीस ते लिही, आपल्या मुलांना उपयोग होईल. शेजारी बसलेले सर म्हणाले, "हुशार होती, म्हणून राहिली." शाळेत सरांचं म्हणणं मी कधी खोडलं नाही. आज खोडते.

पळस्प्याच्या माणसाला जाणारी माणसं बघायची सवय असते. फाट्यावरून एक रस्ता पुण्याला, दुसरा गोव्याला. गोव्याच्या रस्त्याला थोडं पुढे शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. फेब्रुवारी १८८३ मध्ये ते एडनच्या तुरुंगात वारले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. बाईंनी हे दोन वेगळ्या धड्यांत शिकवलं. वर्ष एकच, हे मला चाळिशीत कळलं!

१८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर होऊन आनंदीबाई कोल्हापूरची नेमणूक स्वीकारून परतल्या. तिकडे राहायचा त्यांचा विचारच नव्हता, पण राहू म्हटलं असतं तर हिंदुस्थानी म्हणून अडवणारा कायदा अमेरिकेत तेव्हा नव्हता. तो १९१७ मध्ये आला. विद्यार्थ्यांना सूट होती, मजुरांना नव्हती. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वही नाकारलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, आणि शेवटी प्राध्यापक झाले ते मेक्सिकोत, चापिंगोच्या कृषी विद्यालयात. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला १०० भारतीयांपुरतं. नीट उघडलं ते १९६५ च्या कायद्याने.

आमच्या पिढीचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्यातला. वर्षाला ६५,००० जागा. संगणकाच्या तेजीत त्या १,९५,००० पर्यंत वाढवल्या, ऑक्टोबर २००३ पासून पुन्हा ६५,००० वर आणल्या. पुढे अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जास्तीच्या ठेवल्या. मी २००५ मध्ये गेले. बाबांनी घरावर कर्ज काढलं होतं, व्याज १२ टक्क्यांच्या वर. हे वर्गात कुणाला ठाऊक नाही. तिथे पगार सुरू झाला तरच ते फिटणार होतं.

मास्टर्स संपलं की विद्यार्थी व्हिसावरच १२ महिने नोकरी करता येते, त्याला ओपीटी म्हणतात. तेवढ्यात कंपनीने एच-१बीचा अर्ज करायचा. अर्ज १ एप्रिलपासून घेतात, काम १ ऑक्टोबरला सुरू होतं. २००७ मध्ये पहिल्या दोनच दिवसांत सुमारे १,२३,००० अर्ज आले आणि सोडत काढली. गंमत अशी, की मास्टर्सच्या २०,००० जागा त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीपर्यंत शिल्लक होत्या. पण माझी पदवी मे महिन्यातली! म्हणून माझा अर्ज मुंबई विद्यापीठाच्या बी.ई.वर, ६५,००० च्या ढिगात गेला. काही आठवड्यांनी पाकीट जसंच्या तसं परत आलं, आत फीचा चेक. डिसेंबरात परीक्षा दिलेली मुलगी राहिली, मेमध्ये दिलेली लटकली.

माझं ओपीटी जून २००८ ला संपत होतं. एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज केला. या खेपेला पाच दिवसांत सुमारे १,६३,००० अर्ज, आणि मास्टर्सच्या जागांनाही सोडत. समजा नाव निघालं, तरी जून ते ऑक्टोबर काय करायचं? काम थांबवायचं, कर्जाचे हप्ते मात्र चालू. नेमका ८ एप्रिलला नवा नियम निघाला: अर्ज निवडला गेला असेल तर ओपीटी १ ऑक्टोबरपर्यंत आपोआप वाढेल, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना १७ महिने जास्त मिळू शकतील. सोडत त्याच्या सहा दिवसांनी निघाली. त्यात माझं नाव होतं.

माझ्या खोलीतल्या नागपूरच्या मैत्रिणीचं नव्हतं. गुण तिचे माझ्यापेक्षा जास्त, प्रोग्रॅमिंग तर माझा अर्धा प्रकल्प तिनेच सुधारला होता. ते १७ महिने तिला मिळाले असते, पण त्यासाठी कंपनी सरकारच्या ई-व्हेरिफाय योजनेत नोंदलेली लागते. तिची कंपनी छोटी, नोंदली नाही. ऑगस्टमध्ये मी तिला विमानतळावर सोडलं. तिचा तांदळाचा डबा आणि प्रेशर कुकर माझ्याकडे राहिला. पहिला महिनाभर मी तो कुकर वापरला नाही.

मुलांसाठी म्हणून एवढं सांगते. २०२० पासून कंपन्या आधी ऑनलाइन नाव नोंदवतात, पुरा अर्ज नाव निघालं तरच. २०२३ च्या वसंतात अशा साडेसात लाखांहून जास्त नोंदण्या झाल्या. कर्ज काढताना घरच्यांनी हा आकडा समोर ठेवावा आणि सोडतीत नाव नाही निघालं तर हप्ता कशातून भरायचा, ते आधी कागदावर मांडावं. पदवीचा महिना कोणता, कंपनी ई-व्हेरिफायमध्ये आहे का, हेही विचारावं. आम्हाला हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

बाबांचं कर्ज २०११ ला फिटलं. मी २०१६ ला परत आले, आता ऐरोलीला नोकरी करते. शाळेच्या फलकावर माझ्या नावापुढे 'अमेरिका' असं अजून रंगवलेलं आहे, ते पाहून हसू येतं. मैत्रीण पुण्यात आहे, माझ्याहून मोठ्या हुद्द्यावर. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा तिने कुकरची शिट्टी मागितली. मी अख्खा कुकरच घेऊन गेले होते.