टपाल विभागातला वकील

मला स्पॅनिश येत नाही. तरी रुबेन ब्लेड्सचं ‘पेद्रो नावाहा’ मी किती वेळा ऐकलं असेल, याची मोजदाद नाही. आधी ठेक्यासाठी ऐकलं, अर्थ नंतर शोधला.

१९७४ साली हा माणूस न्यूयॉर्कला आला, तेव्हा त्याच्याकडे पनामा विद्यापीठाची कायद्याची पदवी होती. परक्या देशात ती काय कामाची? फानिया नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या टपाल विभागात त्याने नोकरी धरली. स्थलांतर त्याच्या घराला नवं नव्हतं. आजोबा सेंट ल्यूशिया बेटावरून पनामात आलेले, म्हणून आडनाव इंग्रजी. आई क्यूबाची.

पण अमेरिकेशी त्याचं नातं सरळ नव्हतं. पनामा कालव्याभोवतीचा पट्टा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. ९ जानेवारी १९६४ रोजी आपल्या देशाचा झेंडा तिथे फडकवायला गेलेल्या पनामाच्या विद्यार्थ्यांशी झटापट झाली, दंगल पेटली आणि वीसहून जास्त पनामी माणसं मेली. रुबेन तेव्हा १५ वर्षांचा होता, अमेरिकन रॉक अँड रोल इंग्रजीत गाणारा. त्यानंतर काही काळ त्याने इंग्रजीत गाणंच सोडलं. दहा वर्षांनी तोच मुलगा त्याच अमेरिकेत पोट भरायला आला. याला कुणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. मायदेशात १९६८पासून लष्कराची सत्ता होती, आणि माणूस देश सोडतो तेव्हा समोर फार पर्याय मांडून ठेवलेले नसतात.

न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिको आणि क्यूबाहून आलेल्यांनी साल्सा घडवला होता. ते नाचायचं संगीत. रे बारेत्तोच्या आणि मग विली कोलोनच्या साथीने गाताना रुबेनने त्यात गल्लीतली माणसं आणून बसवली. १९७८च्या ‘सिएम्ब्रा’मधलं ‘पेद्रो नावाहा’ सात मिनिटांहून मोठं आहे. एक गुंड रस्त्यावरच्या बाईला चाकू मारतो, ती मरता मरता त्याला गोळी घालते, आणि एक दारुडा दोघांच्या वस्तू नि पैसे उचलून गात निघून जातो. या गोष्टीवर लोक नाचले! ‘सिएम्ब्रा’ साल्सातल्या सर्वाधिक खपलेल्या रेकॉर्डांपैकी एक ठरली.

गुंडाबद्दल गायलेलं सगळ्यांना चाललं. १९८१ साली ‘तिबुरोन’ आलं, म्हणजे शार्क. कॅरिबियन समुद्रात घिरट्या घालणारा हा मासा कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. मायामीत कास्त्रोच्या राजवटीतून पळून आलेल्या क्यूबनांचा मोठा समाज होता. तिथल्या रेडिओने त्याची गाणी बंद केली, त्याला कम्युनिस्ट ठरवलं. विरोध गोऱ्या अमेरिकनांपेक्षा आपल्याच भाषेच्या, आईच्या मुलखातल्या लोकांकडून आला, हे मला जास्त बोचतं. ज्या देशाने आसरा दिला त्याला नावं कशी ठेवतोस, असा हा हिशेब. आसऱ्याच्या बदल्यात तोंड गहाण टाकायचं, अशी अट कुणी कधी घातली होती?

त्याने टाकलं नाही. १९८४च्या ‘बुस्कांदो आमेरिका’त त्याने साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या खुनावरून सुचलेलं गाणं गायलं, लष्करी राजवटींत बेपत्ता झालेल्यांवरही गायलं. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधून कायद्याची वरची पदवी घेतली.

१९९४ साली तो पनामाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला आणि तिसरा आला. २००४ ते २००९ तिथेच पर्यटनमंत्री होता.